प्लेग लस : चाचणीचा इतिहास

मुंबईत १८९६ साली गाठीच्या प्लेगची साथ उद्‌भवल्यावर व्हॉल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात तुपाचे थेंब तरंगत ठेवलेल्या मांसरसात रोगजंतू वाढविले व ते उष्णतेने मारून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली. लस सुसह्य असल्याचे एवढ्यावरून दिसले. गुण सिद्ध होण्यास तुलना हवी होती. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरल्याने ती शक्य झाली. टोचलेल्या कैद्यांपैकी दोघांनाच प्लेग झाला व ते बचावले. न टोचलेल्या १७७ जणांपैकी १२ आजारी पडून ६ दगावले. मात्र टोचल्याच दिवशी आजारी पडलेले तिघे, त्यांना आधीच संसर्ग झाला होता असे मानून, गणनेतून वगळले होते. शिवाय टोचून घेणारे स्वेच्छेने पुढे आलेले होते. न घेणाऱ्यांशी ते इतर बाबतींत समान होते असे म्हणता येत नाही. १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंडेरा येथे ही उणीव बरीच दूर झाली. तेथे हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या व्यक्तींनाच लस टोचली. त्यामुळे एकाच छपराखालील माणसांची तुलना करता आली. पुढे दगावलेल्यांत न टोचलेल्यांचीच संख्या फार मोठी भरली.