पारो : भूतानचे आकाशद्वार

हिमालयाच्या कुशीत, भारत आणि चीन या दोन महाकाय शेजाऱ्यांच्या मध्ये वसलेल्या भूतानला समुद्रकिनारा नाही. सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या आणि आठ लाखांहून कमी लोकवस्तीच्या या देशात रेल्वेही नाही. साहजिकच बाहेरच्या जगाशी वेगाने संपर्क साधण्यासाठी त्याची सारी भिस्त एकाच धावपट्टीवर आहे. ती धावपट्टी म्हणजे पारो.

१९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा तेथे मोटारीचा रस्ताही नव्हता. सिक्कीममार्गे तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोडे आणि याक यांच्या साह्याने त्यांना पारो गाठावे लागले. १९६१ पासून भारताच्या सीमा रस्ते संघटनेने 'दंतक' प्रकल्पाद्वारे तेथे रस्ते बांधण्यास प्रारंभ केला. याच संघटनेने १९६८ मध्ये पारो खोऱ्यात धावपट्टी तयार केली. सुरुवातीला तिचा वापर प्रामुख्याने भारतीय हेलिकॉप्टरसाठी होत असे.

१९८१ मध्ये राजाज्ञेने 'ड्रुक एअर' ही राष्ट्रीय विमान कंपनी स्थापन झाली. फेब्रुवारी १९८३ मध्ये अवघ्या १८ आसनांच्या डॉर्निअर विमानाने पारो-कोलकाता सेवा सुरू झाली. १९८८ मध्ये जेट विमान आले आणि २००४ मध्ये एअरबस ए-३१९. आज दिल्ली, कोलकाता, काठमांडू, बँकॉक आणि सिंगापूर ही शहरे पारोशी जोडलेली आहेत. 'भूतान एअरलाइन्स' या खासगी कंपनीनेही २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय सेवा सुरू केली.

पारोचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,२३५ मीटर उंचीवर आहे. भोवतालची शिखरे साडेपाच हजार मीटरपर्यंत पोहोचतात. अरुंद खोऱ्यात डोंगरांना वळसे घालत उतरणाऱ्या वैमानिकाला धावपट्टी अगदी अखेरच्या टप्प्यात समोर दिसते. उपकरणांवर विसंबून सरळ रेषेत उतरण्याची येथे सोय नाही. नजरेचाच आधार घ्यावा लागतो. त्यामुळे नियमित प्रवासी उड्डाणे दिवसाउजेडीच होतात आणि खास प्रशिक्षण घेतलेल्या मोजक्याच वैमानिकांना येथे विमान उतरवण्याची परवानगी मिळते. दुपारी खोऱ्यात जोराचे वारे सुटतात, म्हणून बहुतेक उड्डाणे सकाळी ठेवली जातात. पावसाळ्यात ढग उतरले, की वेळापत्रक कोलमडते. अशा वेळी खोळंबा केवळ पर्यटकांचा होत नाही. गंभीर आजारांवरील उपचारांसाठी भूतान सरकार आपल्या रुग्णांना भारतातील रुग्णालयांत पाठवते, त्यांनाही हीच वाट धरावी लागते.

राजधानी थिंफूला स्वतःचा विमानतळ नाही. पारोहून सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता आहे. देशांतर्गत वाहतुकीसाठी २०११ मध्ये बुमथांग व योंगफुला, तर २०१२ मध्ये गेलेफू येथील विमानतळ खुले झाले. पूर्व भूतानला रस्त्याने जायचे, तर घाटवाटांत दोन-दोन दिवस मोडतात.

यापैकी गेलेफूकडे आता विशेष लक्ष लागले आहे. आसामच्या सीमेलगत, सखल भागात असल्याने तेथे मोठ्या विमानांसाठी लांब धावपट्टी शक्य आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक यांनी तेथे नवे शहर वसवण्याची घोषणा केली. आंतरराष्ट्रीय विमानतळ हा त्या योजनेचा कणा आहे. तो उभा राहिला, तर पारोवर ढग दाटले तरी भूतानचे दार बंद होणार नाही.