बस या बहर: उचल घेतलेल्यांचा सिनेमा

आजचा विषय सिनेमाचा आहे, पण सुरुवात नथीपासून करतो.

जुन्या घरांत नथीचा विषय निघाला की एखादी आजी हमखास सांगते, "हे बसरा मोती आहेत हो, आता मिळायचे नाहीत." नाव बसऱ्याचं, पण ते मोती निघायचे आपण राहतो त्या आखाताच्या तळातून. शिंपले इथले, पाणबुडे इथले, आणि मोती जायचे मुंबईला. तिथे त्यांना भोकं पाडायची, ते ओवायचे आणि मग पुढे जगभर विकायचे. कुवेती व्यापाऱ्यांची मुंबईत घरं होती, पेढ्या होत्या. इथल्या बाजारात १९६१ साली दिनार येईपर्यंत रुपयाच चालत होता. म्हणजे कुवेतशी आपलं नातं व्हिसाच्या शिक्क्यापासून सुरू झालेलं नाही.

त्या मोत्यांमागचं काम कसं होतं ते आधी सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

उन्हाळा लागला की कुवेतच्या किनाऱ्यावरून मोत्यांची गलबतं निघायची, ती सुमारे चार महिने समुद्रावरच. गलबताचा प्रमुख तो नोखदा. हा शब्द आणि आपल्या कोळीवाड्यातला नाखवा, दोन्ही एकाच फारसी घरातले. पाणबुडा नाकाला चिमटा लावायचा, पायाला दगड बांधायचा, गळ्यात जाळीची टोपली अडकवायचा आणि मिनिट-दीड मिनिट श्वास धरून तळाशी शिंपले तोडायचा. वर दोर धरून बसलेला माणूस खालून झटका आला की त्याला ओढून घ्यायचा. असं दिवसभर. हंगामाच्या शेवटी गलबताचा खर्च वजा करून उरलेल्याची वाटणी होई. पाणबुड्याला तीन हिस्से, दोरवाल्याला दोन.

पण हिस्सा हातात पडायच्या आधी हिशेब व्हायचा तो उचलीचा. हंगाम सुरू होण्याआधी नोखदा पाणबुड्याला पैसे द्यायचा, घरी चार महिने खाणार काय म्हणून. ऊसतोडीच्या टोळ्यांना मुकादम देतो, अगदी तशी उचल. मोती कमी निघाले तर उचल फिटायची नाही, ती पुढच्या वर्षावर चढायची, आणि माणूस मेला तर त्याच्या मुलाच्या किंवा भावाच्या अंगावर यायची. नोखदाही मोकळा नसायचा. तो मोत्यांच्या व्यापाऱ्याचा देणेकरी असायचा. आम्ही एमबीएत कॅश फ्लो शिकलो, पण खालच्या माणसाला आयुष्यभर उणे शिल्लक दाखवणारी इतकी पक्की साखळी मी पुस्तकात पाहिली नव्हती.

पुढे जपानचे संवर्धित मोती आले, १९२९ नंतरची जागतिक मंदी आली आणि धंदा बसला. १९३८ साली बुरगानला तेल लागलं, १९४६ साली त्याची निर्यात सुरू झाली. एका पिढीच्या आत पाणबुड्याचा मुलगा सरकारी नोकरीत गेला, घरात एसी आला. दोर आणि दगड संग्रहालयात गेले.

इथे खालिद अल सिद्दीक येतात. जन्म कुवेतचा, पण शाळेसाठी घरच्यांनी मुंबईला पाठवलेला मुलगा. सिनेमाचं वेड त्यांना तिथे लागलं. परत आले तेव्हा कुवेत टेलिव्हिजन नुकतंच उभं राहत होतं. तिथे काम करता करता त्यांनी छोटे चित्रपट केले. पूर्ण लांबीचा कथाचित्रपट कुवेतमध्ये कुणी केलेला नव्हता. स्टुडिओ नव्हता, सिनेमासाठी पैसा लावणारी माणसं नव्हती, पडद्यावर काम करून सरावलेली फळीही नव्हती. नाटकातले आणि टीव्हीवरचे कलाकार घेऊन, निर्माता आणि दिग्दर्शक दोन्ही टोप्या स्वतःच्याच डोक्यावर ठेवून त्यांनी १९७२ साली "बस या बहर" पुरा केला.

"बस" म्हणजे आपलंच बस. "बहर" म्हणजे समुद्र. पुरे कर रे समुद्रा, असं ते नाव. गलबतं परतायची वेळ झाली की कुवेतच्या बायका किनाऱ्यावर जमून समुद्राला दटावायच्या, तोबा कर आणि आमची माणसं दे म्हणून विनवायच्या. तीच हाक या नावातही ऐकू येते.

चित्रपट कृष्णधवल आहे. मुसाइद नावाचा तरुण, त्याचे वडील जुने पाणबुडे, शार्कच्या हल्ल्यात अधू झालेले. ते मुलाला समुद्रावर जाऊ द्यायला तयार नाहीत. पण मुसाइदला नूरा आवडते, ती पैसेवाल्याच्या घरातली, आणि तिला मागणी घालायची तर हातात काहीतरी हवं. बापाचं मन मोडून तो गलबतावर चढतो. इकडे नूराचं लग्न एका वयस्क श्रीमंताशी लावून देतात. तिकडे तळाशी मुसाइदचा हात अडकतो, आणि गलबत येतं ते त्याच्याशिवाय. आईच्या हातात मोती येतो. ती तो समुद्रात फेकून देते.

कथा एवढीच आहे. आपल्या जुन्या मराठी चित्रपटांतही शोभली असती. पण ती कुठे आणि कधी सांगितली गेली ते पाहा. १९७२ चं कुवेत, तेलाचा पैसा वाहतोय, रस्ते रुंद होतायत. अशा वेळी मोत्यांच्या दिवसांबद्दल बोलायचं तर शौर्याचं आणि एकजुटीचं बोलणं सोपं होतं. आजही सी स्पोर्ट्स क्लबच्या मोतीसफरीत नवी कोरी गलबतं, झेंडे आणि गाणी असतात. ती सफर मला आवडते, मुलांना नेण्यासारखी आहे. पण तिच्यात उचल नसते. अल सिद्दीक यांनी नेमकं तेच दाखवलं: देणं, अधू झालेला बाप, आणि विचारल्याशिवाय देऊन टाकलेली मुलगी. आपल्याच माणसांना, ती सुखात असताना, ही गोष्ट दाखवायला छाती लागते. सरकारी माहितीपटाने ती दाखवली नसती आणि नफ्यासाठी पैसा लावणाऱ्यानेही नसती. पुढे कुवेतने हाच चित्रपट ऑस्करच्या परभाषिक विभागासाठी पाठवला. तिथे नामांकन मिळालं नाही, पण देशाने तो आपला म्हटला हे मला महत्त्वाचं वाटतं.

त्यानंतर ते सुदानला गेले. तय्यब सालिह यांच्या कादंबरीवर, तिथल्या खेड्यात, तिथले कलाकार घेऊन त्यांनी १९७६ साली "झैनचं लग्न" केला. दुसऱ्याच्या गावात जाऊन त्या गावाचा वाटावा असा चित्रपट करणं हे आणखी अवघड काम. त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. २०२१ साली ते गेले.

आता आपल्याकडे येतो. कुवेतमधल्या भारतीयांवरचा सिनेमा म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, २०१६ चा "एअरलिफ्ट". ऑगस्ट १९९० मध्ये इराकचं सैन्य शिरलं आणि सुमारे १,७०,००० भारतीयांना परत नेलं गेलं, बहुतेकांना जॉर्डनमधल्या अम्मानहून, एअर इंडियाच्या जवळपास ५०० फेऱ्यांतून. सिनेमात हे सगळं एका कल्पित उद्योगपतीच्या खांद्यावर आलं. चित्रीकरण बहुतांशी रास अल खैमाचं. परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्यांनीही तथ्यांवरून नाराजी दाखवली होती. चित्रपट रंगतो, मीही दोनदा पाहिला. पण त्यात क्लार्क, ड्रायव्हर, नर्स आणि मेसचा स्वयंपाकी एका माणसाच्या मागे चालणारी गर्दी होऊन राहतात.

दुसरी वाट आपल्याच भाषेत चाळीस वर्षांपूर्वी पाडलेली आहे. १९८० साली दीपा धनराज आणि त्यांच्या सोबत्यांनी बंगळूरमध्ये "युगांतर" नावाचा गट काढला. त्यांचा पहिला माहितीपट "मोलकरीण", १९८१ चा, पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेवर. दुसरा "तंबाखू चाकिला ऊब आली", १९८२ चा, निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर. दोन्ही जेमतेम अर्ध्या तासाचे. त्यांत निवेदकाने बाहेरून येऊन समजावलेलं नाही. बायका स्वतः बोलतात, आणि आपला संप कसा झाला ते स्वतःच पुन्हा करून दाखवतात. निपाणीच्या बायकांची कन्नड हद्दीतली मराठी ऐकली की गावाकडचं कुणी बोलतंय असं वाटतं. पुण्याच्या मंडळींनी "मोलकरीण" पाहावाच, आणि पाहताना इथे आपल्या स्वयंपाकघरात कोण उभं असतं तेही आठवावं.

एवढं सगळं वाचून-पाहून आम्ही तिघांनी दोन वर्षांपूर्वी एक उद्योग सुरू केला. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी, ज्यांनी १९९० पाहिलं अशा मराठी माणसांना त्यांच्या घरी जाऊन बोलतं करायचं. साधन म्हणजे फोन, एक माइक आणि खिडकीचा उजेड. बाहेर परवानगीशिवाय कॅमेरा काढता येत नाही, म्हणून सगळं दिवाणखान्यात. संपादन रात्री, ऑफिसचे कॉल संपल्यावर. आतापर्यंत सतरा तासांचं बोलणं जमलंय, त्याचा चित्रपट होईल की नाही ते सांगता येत नाही.

त्यात एक काकू आहेत. अब्बासियाहून निघालेली बस, वाळवंटातली छावणी, पाण्याच्या रांगा, सगळं त्यांनी तासभर न थांबता सांगितलं. मग सहज म्हणाल्या, इथे यायला ह्यांनी गावच्या एकाकडून व्याजाने पैसे काढले होते. १९९० ला हात हलवत परत गेलो तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी दारात. ते फेडायलाच पुन्हा आलो. एवढं बोलून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ते कर्जाचं तेवढं काढून टाक हं."

मी "बरं" म्हणालो. घरी येऊन ती साडेतीन मिनिटं वेगळी काढली, पण पुसली नाहीत. पुढच्या वेळी गेलो तेव्हा लॅपटॉपवर त्यांना "बस या बहर" मधला घरचा प्रसंग दाखवला. अरबी त्यांना बऱ्यापैकी कळतं. काही बोलल्या नाहीत, चहा टाकायला आत गेल्या.

परवा त्यांचा फोन आला. "अरे, ते कर्जाचं राहू दे. त्या माणसाचं नाव तेवढं काढ, त्याची नातवंडं आहेत गावात."