‘रिअर विंडो’ : कथास्रोत आणि कथेवरील हक्क

प्रस्तावना :
आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘रिअर विंडो’ (१९५४) हा रहस्यपटांच्या इतिहासातील एक मानदंड मानला जातो. मात्र त्याची चर्चा बहुधा दिग्दर्शकाच्या प्रतिभेभोवतीच फिरते; मूळ कथेचा लेखक उपेक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या चित्रपटाचे कथास्रोत व त्यातून उद्भवलेला हक्काचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

मूळ कथा :
कॉर्नेल वूलरिच यांची ‘इट हॅड टू बी मर्डर’ ही कथा फेब्रुवारी १९४२ मध्ये ‘डाइम डिटेक्टिव्ह’ या अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाली. स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या अशा मासिकांना वाङ्मयीन प्रतिष्ठा नव्हती. घरात जखडलेला जेफरीज समोरच्या खिडक्या न्याहाळतो आणि थोरवाल्ड या शेजाऱ्याने पत्नीचा खून केल्याचे अनुमान काढतो. चित्रपटाचा सांगाडा हाच होय. परंतु कथेत प्रेयसी लिसा नाही, परिचारिका स्टेलाही नाही. साहाय्याला आहे तो सॅम हा नोकर. नायकाचा पाय प्लास्टरमध्ये आहे, हे वाचकाला अगदी शेवटी कळते.

वास्तवातील स्रोत :
पटकथाकार जॉन मायकल हेज यांनी कथेला प्रेमकथेची जोड दिली. गुन्ह्याचे तपशील मात्र इंग्लंडमधील दोन गाजलेल्या खून प्रकरणांतून आले, असे हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीतून स्पष्ट होते. क्रिपेन प्रकरणात (१९१०) मृत पत्नीचे दागिने प्रेयसीच्या अंगावर दिसल्याने संशय बळावला. माहोन प्रकरणात (१९२४) मृतदेहाचे तुकडे करण्यात आले होते. चित्रपटातील विवाहाची अंगठी व देहाची विल्हेवाट यांचे मूळ येथे सापडते.

हक्काचा प्रश्न :
१९४५ मध्ये वूलरिच यांनी या कथेसह सहा कथांचे चित्रपट-हक्क ९,२५० डॉलरना विकले. १९५३ मध्ये हिचकॉक व जेम्स स्टुअर्ट यांच्या संस्थेने या एका कथेसाठी १०,००० डॉलर मोजले. ते लेखकाला नव्हे, तर हक्क विकत घेणाऱ्याच्या वारसदारांना मिळाले. २८ वर्षांच्या पहिल्या मुदतीनंतर स्वामित्वहक्काचे नूतनीकरण आवश्यक होते. त्यापूर्वीच, १९६८ मध्ये, वूलरिच यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक बँकेने नूतनीकरण करून तो हक्क शेल्डन अबेंड यांना ६५० डॉलर व उत्पन्नाचा १० टक्के वाटा या अटीवर दिला. पुढे चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाल्यावर वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९० मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी अबेंड यांच्या बाजूने निर्णय दिला.

निष्कर्ष :
या चित्रपटाची कथा एका उगमातून आलेली नाही. मासिकातील कथा, न्यायालयीन वास्तव व पटकथा यांचा तो संगम आहे. तथापि रूपांतर कितीही श्रेष्ठ असले तरी मूळ कथेवरील हक्क त्यात विरघळून जात नाही, हे या निर्णयाने अधोरेखित केले. म्हणूनच चित्रपटाच्या अभ्यासकाने श्रेयनामावलीतील कथालेखकाच्या नावापाशी थांबणे अगत्याचे ठरते.