बियांची सुप्तावस्था : अडसर कुठे, उपाय कोणता

जिवंत बियाला पाणी, हवा आणि योग्य ऊब मिळूनही ते रुजत नसेल, तर ते सुप्तावस्थेत आहे असे समजावे. रोपवाटिकांत बी कोणतेही असो, सरसकट रात्रभर भिजत घालतात. मला ही रीत मुळातच चुकीची वाटते. प्रत्येक जातीच्या बियात अडसर वेगळ्या जागी असतो. तो न ओळखता केलेली बीजप्रक्रिया वाया जाते.

बहाव्याचे बहुतेक बी रात्रभर पाण्यात ठेवले तरी सकाळी तसेच तुकतुकीत आणि टणक राहते. आतला गर्भ तयार असतो, पण बीजावरणातल्या उभ्या, दाट पेशींचा थर पाणी आत शिरू देत नाही. तो थर कुठेतरी फोडावाच लागतो. बी थोडे असेल तर नाभीच्या विरुद्ध टोकाला सँडपेपरने घासावे आणि आतला फिकट भाग दिसला की थांबावे. नाभीकडे मूळ फुटण्याची जागा असते. तिथे घासले तर गर्भच दुखावतो. घासलेले बी भिजवल्यावर चांगले फुगते. जे फुगले नाही ते पुन्हा घासावे. बी जास्त असेल तर आचेवरून उतरवलेल्या उकळत्या पाण्यात टाकून त्यातच निवू देतात. बाभळीच्या बाबतीत हे काम शेळ्या करतात. शेंगा खाऊन त्यांच्या पोटातून गेलेले बी चांगले रुजते, म्हणून शेळ्यांच्या वाड्यातून ते मुद्दाम गोळा केले जाते.

चंदनाच्या ताज्या बियात अडचण निराळी, ती संजीवकांची आहे. पाणी आत जाते, पण गर्भाची वाढ सुरू होत नाही. अशी स्थिती साधारण दोन महिने टिकते. जिबरेलिक आम्लाच्या 500 पीपीएम द्रावणात, म्हणजे लिटरला 500 मिलिग्रॅम, 16 तास भिजवले की उगवण लवकर आणि एकसारखी होते. सागाच्या फळांचे कवच जाड असते. त्यांना आळीपाळीने भिजवणे आणि उन्हात वाळवणे मानवते.

कडुनिंबाला मात्र यातले काहीच नको. त्याच्या पिकल्या बियात अशी सुप्तावस्था नसतेच, उलट साध्या साठवणीत काही आठवड्यांतच उगवणशक्ती घटते. निंबोळ्या पिकून पडल्या की गर धुऊन काढावा, बी सावलीत सुकवावे आणि त्याच पावसाळ्यात पेरावे.