मॉरोविंड

मॉरोविंड : बेथेस्डा गेम स्टुडिओज या अमेरिकी कंपनीचा रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम. ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील तिसरा. २००२ मध्ये विंडोज संगणक व एक्सबॉक्ससाठी प्रकाशित. प्रकल्पप्रमुख टॉड हॉवर्ड, मुख्य रचनाकार केन रोल्स्टन, संगीत जेरेमी सोल.

मालिकेतील आधीच्या ‘डॅगरफॉल’चा (१९९६) अफाट प्रदेश बराचसा संगणकानेच निर्माण केलेला होता, आणि त्यातली गावे एकमेकांसारखी दिसत. मॉरोविंडने व्हार्डेनफेल हे एकच ज्वालामुखी बेट घेतले, पण ते हाताने रचले. तिथे राखेची वादळे उठतात, झाडांएवढ्या अळंब्या उगवतात आणि ‘सिल्ट स्ट्रायडर’ हे लांब पायांचे महाकाय कीटक प्रवासी वाहून नेतात.

सुटका झालेला कैदी म्हणून खेळाडू सेडा नीन या बंदरात उतरतो. जहाजावर नाव, धक्क्यावर वंश आणि सरकारी कचेरीत पेशा सांगता सांगता त्याचे पात्र घडते. बाल्मोरा गावात एक पुडके पोहोचवायचे, एवढाच हुकूम. पुढचा रस्ता लोकांना विचारायचा. कोणत्या ओढ्यापाशी वळायचे, कोणता पूल ओलांडायचा हे रोजनिशीत लिहिले जाते, आणि क्वचित सांगणाराच चुकीची दिशा सांगतो. या जगात खेळाडू गुंततो तो चित्रांपेक्षा या विचारपूस करण्यामुळे. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) होकायंत्रावर खूण आली आणि वाट चुकायची सोयच गेली.

कथेचा गाभा म्हणजे नेरेवार या जुन्या सेनानीच्या पुनर्जन्माचे भाकीत. नेरेवार जखमांनी मेला की सोबत्यांनीच त्याला मारले, याबद्दल मंदिराचे, बंडखोर पुरोहितांचे आणि भटक्या टोळ्यांचे म्हणणे वेगवेगळे आहे. खेळातली पुस्तकेही एकमेकांना खोडून काढतात. आपण खरे अवतार आहोत की साम्राज्याच्या बादशहाने सोयीसाठी पुढे केलेले प्यादे, याचा निकाल गेम देत नाही. आधीच्या फसलेल्या अवतारांची भुते मात्र एका गुहेत भेटतात. कथेला आवश्यक असलेल्या पात्रालाही ठार मारता येते. तसे केल्यास भाकिताचा धागा तुटल्याची सूचना येते, पण खेळ थांबत नाही. देव म्हणून पुजल्या जाणाऱ्या व्हिव्हेकचा वध करूनही शेवटापर्यंत जाणारी एक आडवाट ठेवलेली आहे.

उणिवाही ठळक आहेत. तलवार डोळ्यांदेखत लागते, तरी पडद्यामागचे फासे वार हुकला असे ठरवतात. बहुतेक संभाषण शब्द निवडून वाचायचे असल्याने न्हावी असो वा सरदार, उत्तर तेच. माणसे रात्रंदिवस जागच्या जागी उभी असतात.

‘ट्रायब्युनल’ (२००२) व ‘ब्लडमून’ (२००३) या त्याच्या पुरवण्या. संगणक आवृत्तीसोबत जग घडवण्याचे साधनही दिलेले होते. मूळ गेममध्ये बेटापलीकडचा जो मुख्य प्रदेश वगळला होता, तो ‘टॅमरिएल रिबिल्ट’ या प्रकल्पातील हौशी मंडळी तेव्हापासून तुकड्यातुकड्याने बांधत आली आहेत.