झाकणाचं भोक

आमच्या गोठ्याच्या पडवीत एक राजदूत उभी आहे. टाकीचा रंग उडालाय, सीट उंदरांनी कुरतडलंय. पोरगा म्हणतो, "आबा, भंगारवाल्याला देऊन टाकू." मी देत नाही. त्या गाडीपायी मी एका माणसाचा अपराधी आहे. पण ते सांगायचं तर आधी गाडीचं सांगावं लागेल.

राजदूत आपल्या देशात १९६२च्या सुमाराला आली. कंपनी एस्कॉर्ट्स, पण मूळ नमुना पोलंडचा, एसएचएल एम-११ नावाच्या गाडीचा. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि तीन गिअर. पोलंडच्या बर्फाळ मुलखातली गाडी आमच्या चिखलात येऊन दूधवाल्याची झाली. बुलेट बागायतदाराची, येझदी कॉलेजच्या पोरांची आणि राजदूत दूधवाल्याची, अशी आमच्याकडं वाटणीच होती. दोन्ही अंगाला कॅन अडकवले तरी ती कुरकुरत नसे. आणि दुसरं म्हणजे तिचा करंट मॅग्नेटवर चाले. बॅटरी मेली तरी किक मारली की गाडी चालू. बॅटरी चार्ज करायला तालुक्याला जावं लागायचं, त्या काळात ही गोष्ट फार मोठी होती.

मी १९८३ साली जुनी राजदूत घेतली. दहावीनंतर शाळा सुटली होती. घरच्या चार म्हशी आणि गावातल्या वीसेक घरांचं दूध गोळा करून चौदा किलोमीटरवरच्या शीतकरण केंद्रात सकाळी आठच्या आत पोचवायचं, हा माझा धंदा.

गाडी दुरुस्तीचं मला काही कळत नव्हतं. शिकवलं ते बाजारपेठेतल्या मिस्त्रीनं. पत्र्याची टपरी, पुढं ऑइलनं काळी झालेली जमीन. ते म्हणायचे, "गाडीला तीन गोष्टी लागत्यात. हवा, पेट्रोल आणि करंट. बंद पडली म्हंजी तिन्हीतलं एक गेलं. आधी कुठलं गेलं ते बघ, मग पान्याला हात लाव."

बघायची रीतही त्यांनीच सांगितली. गाडी बंद पडली की तिथंच, त्याच जागी प्लग काढायचा. प्लग पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल येतंय, करंटचं बघा. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. मग प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाच्या फिन्सवर टेकवायचा, कार्बोरेटरपासून लांब, आणि किक मारायची. ठिणगी निळी, टणक पडली तर ठीक. तांबडी, मरतुकडी पडली तर आधी पॉइंट बघायचे. मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट दिसत. ते काळे पडले असतील तर काचकागदानं पुसायचे आणि दाढीची चार जुनी ब्लेडं एकावर एक धरून तेवढी फट ठेवायची. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर गेला. पेट्रोलात ऑइल मिसळावं लागे. ते जास्त पडलं की प्लगवर काजळी धरायची. मग सायलेन्सरमधून नुसता धूर.

एवढी विद्या मी शिकलो. शिकलो म्हणजे पाठ केली.

१९८६च्या पावसाळ्यात गाडीच्या टाकीत पाणी जायला लागलं. कार्बोरेटरच्या वाटीत तळाला पाण्याचे मणी दिसायचे. झाकणाचा वायसर झिजला होता. मी शहाणपणा केला. ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबची गोल चकती कापली आणि झाकणात आतून गच्च बसवली. पाणी बंद झालं. मला फार बरं वाटलं.

आठवड्याभरात नवा रोग सुरू झाला. गाडी चार-पाच किलोमीटर झकास चालायची, मग दम लागल्यासारखी मंदावून बंद पडायची. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. तापल्यावर बंद आणि निवल्यावर चालू, म्हणजे कंडेन्सर. हे मिस्त्रींकडूनच ऐकलेलं. मी टपरीवर गेलो आणि रोग न सांगता औषधच सांगितलं, "कंडेन्सर बदला." त्यांनी झाकण उघडून टाकीत पेट्रोल किती आहे ते बघितलं, कंडेन्सर बदलला आणि किक मारली. गाडी चालू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कॉइल बदलली. मग प्लग. टपरीवर दर वेळी गाडी एका किकेत चालू व्हायची आणि रस्त्यात दर वेळी दगा द्यायची.

एका सकाळी मी ओढ्याच्या पुलावर तीनदा थांबलो. केंद्रावर पोचायला साडेनऊ झाले. दूध आंबलं होतं, ते घेतलं नाही. घेणार तरी कसं? साठ लिटर दूध येताना त्याच ओढ्यात ओतलं. वीस घरांचे पैसे मला पदरचे द्यावे लागले. त्यातली दोन घरं विधवा बायांची होती. त्यांच्या दारात उशिरा पैसे घेऊन उभं राहताना मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

तो राग मी मिस्त्रींवर काढला. आठवडी बाजार भरलेला. टपरीसमोर उभा राहून मी ओरडलो, "डुप्लिकेट माल घालतोस आणि ओरिजनलचे पैसे घेतोस!" वयानं माझ्या बापाएवढा माणूस. ते काही बोलले नाहीत. गल्ल्यातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. मी ते घेतले, हेही लिहिलं पाहिजे. माझं बघून आणखी दोघा-तिघा दूधवाल्यांनी त्यांच्याकडं जाणं सोडलं.

पंचमीला बायकोला तिच्या माहेरी सोडायला निघालो. सहा किलोमीटरवर गाडी बंद. मी सवयीनं लिंबाच्या सावलीला जाऊन बसलो. ती म्हणाली, "अहो, पेट्रोल तरी हाय का बघा की." मी म्हणालो, "कालच भरलंय." तिनं स्वतःच झाकण फिरवलं. फुस्स करून आवाज आला. "अगं बया, टाकीनं श्वास घेतला का काय?" ती म्हणाली. मी उठलो, किक मारली. एका किकेत चालू.

तेव्हा मला कळलं. झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरेल तशी त्या भोकातून टाकीत हवा जाते. ते माझ्या चकतीनं बंद केलं होतं. टाकीत हवा शिरेना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरायची, वाटी भरायची, गाडी चालू व्हायची. आणि टपरीवर मिस्त्री आधी झाकण उघडून बघायचे, म्हणून तिथं ती कधी बंदच पडली नाही. बाजाराच्या गलक्यात तो फुस्स आवाज कुणाला ऐकू जाणार? रस्त्यात एकदा जरी मी प्लग काढला असता तरी तो कोरडा दिसला असता. पण मी कधी बघितलंच नाही.

चकतीच्या मधोमध भोक पाडायला खिळा आणि एक मिनिट पुरलं. मिस्त्रींकडं जायला मला दोन आठवडे लागले. संध्याकाळी, टपरीवर कुणी नाही असं बघून गेलो. पैसे परत दिले, माफी मागितली. ते म्हणाले, "भोक कशाला असतंय ते मीच तुला सांगायला पायजे हुतं." एवढंच. मग चहा मागवला.

१९८५च्या आसपास जपानी कंपन्यांशी भागीदारी करून शंभर सीसीच्या गाड्या आल्या. हळूहळू पॉइंट, कंडेन्सर गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. २०२०पासून बीएस-सिक्सच्या नियमानं कार्बोरेटरही जवळजवळ गेला. पोराच्या गाडीचा दोष आता मशीन जोडून बघतात. ती गाडी चांगली आहे, सहसा वाटेत थांबत नाही. पेट्रोलात आता आमच्याच उसाचं इथेनॉल असतं. ते पाणी धरतं, म्हणून जुनी राजदूत उभी करताना मी टाकी रिकामी करतो.

मिस्त्री वारले त्याला बरीच वर्षं झाली. टपरीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. चूक मी भर बाजारात केली आणि माफी मात्र एकट्यात मागितली, हे मला अजून खुपतं. त्यांनी माझ्या गाडीत घातलेला कंडेन्सर अस्सल होता. तो अजून त्या गाडीत आहे आणि अजून ठिणगी निळी पडते.