कणा चाचपणारे हात

आष्टी-पाटोद्याच्या माळावर आमचे आजोबा मेंढीचं अंग हातानं ओळखायचे. लोकरीत बोटं घालून कमरेवरचा कणा चाचपायचे, मणके टोचले की म्हणायचे, “ही फळायची नाही.”

१९७२च्या दुष्काळात आमच्या वाड्यातल्या कितीतरी मेंढ्या माजावरच आल्या नाहीत. अंगात चरबी उरली नाही की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा इशारा मंदावतो. मृगाच्या पावसावर कोवळं गवत उगवून मेंढ्या भरल्या, की मगच आजोबा मेंढा सोडायचे. आज पशुवैद्यक त्याआधी दोन-तीन आठवडे भरडा चारायला सांगतात, तो याच जातीचा उपाय. मेंढा सोडल्यावर पाच महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, मेंढ्या व्यायच्या. तेव्हा खरिपाची रानं मोकळी असत आणि दुधाला चारा मिळे.